दर्शनाच्या रांगेत ४५४ कोटी वर्षं: यंदाच्या देखाव्याच्या कामाच्या नोंदी

२९ जून २०२५, रविवार

मीटिंग झाली, विषय फायनल. यंदाचा देखावा "ऊर्जा कुठून आली", म्हणजे कोळसा, पेट्रोल, गॅस, युरेनियम हे सगळं जमिनीत कसं तयार झालं, कधी झालं आणि आपल्या बेळगाव भागात त्यातलं काय आहे, काय नाही. किल्ले झाले, चांद्रयान झालं, आता हे करूया म्हटल्यावर दोघातिघांनी नाक मुरडलं, खरं छोट्या तन्वीनं मधेच विचारलं की कोळसा आपल्याकडं का सापडत नाही, आणि त्यावर कुणालाच धड सांगता येईना, तिथंच विषय पास झाला.

मंडपाच्या तोंडापासून मूर्तीपर्यंत रांगेची वाट टेप धरून मोजली, ४६ फूट. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. म्हणजे एक फूट म्हणजे दहा कोटी वर्षं धरली की पृथ्वीचा जन्म गेटातून आत आल्या आल्या आणि आजचा दिवस बाप्पाच्या पायाशी. लोक चालत चालत काळ पार करत दर्शनाला जाणार. मला ही कल्पना लई आवडलीय, आता ती नीट उतरली पाहिजे.

६ जुलै, रविवार (आषाढी)

सकाळी विठ्ठलाचं दर्शन, दुपारी जमिनीवर खडूनं ४६ फुटांची रेघ मारून मूर्तीच्या बाजूनं मागं मोजत खुणा केल्या. वनस्पती जमिनीवर आल्या साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे मूर्तीपासून ४ फूट ८ इंच. युरोप-अमेरिकेचा जुना कोळसा ३६ ते ३० कोटी वर्षं, म्हणजे साडेतीन फुटापासून तीन फुटापर्यंत. आपल्या देशाचा कोळसा त्याच्या पुढं, ३ फूट ते अडीच फूट. सौदीच्या तेलाचा उगम दीड फुटावर. आपल्या दख्खनचा काळा दगड ८ इंचावर. मुंबई हायचं तेल ज्या गाळातून आलं तो ६-७ इंचावर. माणूस, आपल्या जातीचा माणूस, तीन लाख वर्षं, तो एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही.

सुहास म्हणाला, दादा हे सगळं शेवटच्या पाच फुटात कोंबलं जातंय, आधीचे ४१ फूट रिकामे, लोक काय बघणार, स्केल बदलूया. मी म्हटलं स्केलला हात लावायचा नाही. ४१ फूट चालूनही कोळशाचा एक तुकडा दिसत नाही, हेच तर दाखवायचंय. फक्त ते ४१ फूट मोकळे सोडायचे नाहीत, तिथं जे घडत होतं ते घडलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं. त्याचा विचार करायला हवा.

१३ जुलै, रविवार

गोकाकला जाऊन आलो, दोन गाड्या काढून. घटप्रभेला पाणी भरपूर, गढूळ, झुलत्या पुलावर तोंडावर तुषार येत होते. पोरं फोटो काढत होती, मी खडक बघत होतो. धबधबा ५० मीटरच्या वर उंचीवरून पडतोय तो ज्या खडकावरून, तो कलादगी खोऱ्यातला वालुकाश्म, शंभर कोटी वर्षांहून जुना. एका पडलेल्या फरशीवर वाळूच्या वळ्या तशाच दगड होऊन राहिल्यात, बोटभर अंतरानं एकामागं एक, एका बाजूला उतार सौम्य आणि दुसऱ्या बाजूला जरा उभा. म्हणजे उथळ पाणी होतं, लाटा किंवा प्रवाह होता, खाली वाळू सरकत होती. ओंकारनं विचारलं ह्यात पानाचा ठसा मिळेल काय. मिळणार नाही, कारण ही वाळू साचली तेव्हा जमिनीवर पान नावाची गोष्टच नव्हती. शेवाळासारखे बारीक जीव पाण्यात होते, कलादगीच्या चुनखडीत त्यांचे थरावर थर असलेले गोळे सापडतात, बाकी जमीन उघडीबोडकी.

ह्याच पाण्याच्या जोरावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथली सूतगिरणी सुरू झाली. धबधबा टिकून आहे तो ह्या टणक खडकामुळं, मऊ दगड असता तर नदीनं कधीच झिजवून सपाट केला असता. म्हणजे आमच्या जिल्ह्यात ऊर्जा अगदी नाहीच असं कसं म्हणायचं, इथं उन्हानं वर नेलेलं पाणी आणि जुना खडक यांची जोडी आहे. गोकाकचा फोटो मूर्तीच्या जवळ लावायचा असं आधी डोक्यात होतं, आता तो मधे, मूर्तीपासून दहा फुटांच्याही मागं लावणार, खडकाच्या वयाप्रमाणं.

२० जुलै, रविवार

तन्वीच्या प्रश्नाचं उत्तर आज पॅनेलवर लिहून काढलं. पॅनेलला जागा दोन फूट बाय तीन फूट आणि माझा मजकूर त्याच्या तिप्पट, इथं पूर्ण ठेवतो, मग कापू.

कोळसा व्हायला तीन गोष्टी एकाच वेळी एकाच ठिकाणी लागतात. दाट झाडी हवी. खाली पाणी तुंबलेलं हवं, म्हणजे पडलेलं झाड कुजायच्या आत बुडेल आणि त्याला ऑक्सिजन मिळणार नाही. आणि जमीन हळूहळू खचत राहायला हवी, म्हणजे एका थरावर दुसरा, त्यावर गाळ, त्यावर परत दलदल असं चढत जाईल. झाडी असून जमीन खचत नसेल तर पाचोळा कुजून मोकळा होतो. जमीन खचतेय आणि झाडी नसेल तर नुसती वाळू-माती साचते. तिन्ही जमलं तर आधी पीट म्हणजे अर्धवट कुजलेला पाचोळा होतो, दबून आणि गरम होऊन लिग्नाइट म्हणजे कच्चा तपकिरी कोळसा, मग दगडी कोळसा, आणि फारच दबला तर अँथ्रासाइट, सगळ्यात कडक कोळसा. दर टप्प्याला पाणी आणि वायू निघून जातात आणि कार्बनचं प्रमाण वाढतं. कित्येक फूट पीट दबल्यावर कुठं फूटभर कोळसा हाताला लागतो.

आपल्या देशात हे जमलं ते ३० ते २५ कोटी वर्षांच्या दरम्यान. तेव्हा भारत गोंडवन नावाच्या मोठ्या खंडाचा तुकडा होता, दक्षिणेला, थंडीत. आधी बर्फाच्या लाद्या होत्या, त्या वितळल्या आणि ओल्या गार खोऱ्यांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या झाडांचं रान माजलं. जिभेसारखं लांब पान, मधे शीर, बाजूला जाळी. दामोदर, महानदी, प्राणहिता-गोदावरी, वर्धा ह्या पट्ट्यांत जमीन फाटून खचत होती, त्यामुळं राणीगंज, झरिया, तालचेर, सिंगरेणी, चंद्रपूर इथं कोळसा. देशातला जवळजवळ सगळा कोळसा ह्याच काळातला.

आणि आपण? खानापूरच्या बाजूला आणि खाली धारवाडपर्यंत जे जुने खडक आहेत ते अडीचशे कोटी वर्षांच्या मागचे. गोकाकचा वालुकाश्म शंभर कोटींच्या मागचा. ही दोन्ही झाडांच्या आधीची. आणि निपाणी-चिक्कोडीकडचा, बेळगावच्या आसपासचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो कोळशाच्या नंतरचा आणि आगीतनं आलेला. मधल्या काळात, जेव्हा गोदावरीकडं जमीन खचत होती, तेव्हा आपला हा भाग घट्ट उभा होता, खचलाच नाही, त्यामुळं त्या काळाचा खडकच आपल्याकडं नाही. रान इथंही असेल, खरं ते इथंच कुजून गेलं. कोळसा आपल्याकडं का नाही ह्याचं उत्तर एवढंच आहे, आपल्या जमिनीत त्या काळाचं पानच नाही.

रात्री मावसभाऊ आला, चंद्रपूरकडं कामाला असतो, त्यानं विकत घेतलेला कोळशाचा एक मोठा ढेकूळ आणलाय. ट्यूबखाली फिरवून फिरवून बघितला. एका बाजूनं नीट पट्टे दिसतात, एक काचेसारखा चकाकणारा, त्याखाली एक मळकट, परत चकाकणारा. चकाकणारा पट्टा नखानं दाबला तर चौकोनी तुकडे पडतात, मळकट पट्टा बोटं काळी करतो. मधे दोन ठिकाणी राखाडी चिकणमातीची रेघ आहे, पुरातनं आलेला गाळ. आपल्या कोळशात राख जास्त निघते, ३० ते ४५ टक्के, त्याचं कारण ह्या तुकड्यातच दिसतंय, दलदलीत लाकडाबरोबर मातीही वाहून येत होती. हा तुकडा काचेत ठेवायचा नाही. लोकांनी हातात घ्यायला पाहिजे, शेजारी ओला कपडा ठेवू.

२५ जुलै

डायनोसॉरचा कटआउट लावूया, पोरांना आवडेल, असं खजिनदारांचं म्हणणं, पेट्रोल त्यांचंच की. हा समज इतका घट्ट बसलाय! पेट्रोल डायनोसॉरचं नाही. समुद्रात तरंगणारे डोळ्याला न दिसणारे जीव, शेवाळ आणि प्लँक्टन, ते मरून तळाला गेले, त्यांचं ते तेल. कटआउट होणार नाही. त्याऐवजी मोठा चतुर लावू, मेगॅन्युरा, कोळशाच्या रानातला, पंख पसरले की दोन फुटांच्या वर. तेव्हा हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा जास्त होता असा अंदाज आहे, पोरं त्यावरही थांबतील.

३ ऑगस्ट, रविवार

तेलाचं मॉडेल. ह्यात मजा आली.

आधी पॅनेलचं ठरवलं. समुद्राच्या तळाला ऑक्सिजन नसलेल्या चिखलात हे जीव साचतात, वर गाळ चढतो, दाबानं त्यांचं केरोजेन नावाचं घट्ट मिश्रण होतं. खाली जाईल तसं गरम होतं, किलोमीटरला २५-३० अंश. साधारण ६० ते १२० अंशांच्या मधे तेल सुटतं, म्हणजे अंदाजे दोन ते चार किलोमीटर खोलीवर. आपला कुंदा जसा, आच कमी पडली तर दूध कच्चं राहतं आणि जास्त झाली तर करपतं, तसंच हे, कमी गरम झालं तर केरोजेन तसंच पडून राहतं, जास्त झालं तर तेल मोडून नुसता गॅस उरतो. आणि आच लाखो-कोटी वर्षं धरून ठेवायची.

तेल तयार झालं म्हणून काम संपलं नाही. ते पाण्यापेक्षा हलकं, खडकाच्या भेगा-छिद्रांतून वर सरकत राहतं. वर अडवणारं काही नसलं तर जमिनीवर येऊन वाया जातं. अडवायला घट्ट मातीचा थर लागतो, तोही घुमटासारखा वाकलेला. म्हणजे उगमाचा खडक, साठवणारा सच्छिद्र खडक, वरचं झाकण आणि घुमट हे सगळं बरोबर क्रमानं आलं पाहिजे. मुंबई हायला हे जमलं. तिथं खालच्या जुन्या गाळातलं तेल वर सरकून पुढं तयार झालेल्या चुनखडीत येऊन थांबलं. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' ह्या समुद्रातल्या ड्रिलिंग रिगनं तिथं भोक पाडलं आणि तेल लागलं.

मॉडेलला माशांची काचेची टाकी घेतली. तळाला सलाइनची नळी, वर वाळू, पाणी, आणि झाकणाला आपल्या मूर्तिकाराकडची शाडू माती, घुमटासारखी थापून. नळीतून हळद घातलेलं शेंगतेल सिरिंजनं सोडायचं. बारीक वाळूत तेल वर येईचना, कणाकणाला धरून बसलं. खऱ्या तेलविहिरीतही असंच असतं, सगळं तेल कधीच बाहेर येत नाही, जगात सरासरी तिसरा हिस्सा काढता येतो, बाकीचं खडक सोडत नाही. ही गोष्ट मी वाचली होती, खरं डोळ्यांनी बघितल्यावर जास्त कळली. मग बारीक खडी घातली. तेलाचे पिवळे थेंब एकमेकांना चुकवत वर आले आणि शाडूच्या घुमटाखाली जमा झाले, बोटभर जाडीचा थर झाला. सुहासनं घुमटाला सुईनं भोक पाडलं, बारीक धार सुटून पाण्यावर तवंग आला. आम्ही सगळे टाकीभोवती गप्प उभे, आतल्या खोलीतून काकूंनी विचारलं एवढं शेंगतेल कुठं गेलं.

दोन टाक्या ठेवायच्या ठरल्या, एक झाकणाची, एक बिनझाकणाची.

१० ऑगस्ट, रविवार

आता ते ४१ फूट.

गेटाजवळ युरेनियम. हे पृथ्वीच्याही आधीचं आहे, ताऱ्यांच्या स्फोटांत आणि टकरींत झालेलं, पृथ्वी बनताना त्या मालाबरोबर आलं. उन्हाचा त्याच्याशी काहीएक संबंध नाही. कोळसा, तेल, वारा, धबधबा सगळ्यांच्या मागं सूर्य आहे, युरेनियमच्या मागं नाही, म्हणून त्याचा रंग पॅनेलवर वेगळा ठेवला. युरेनियम-२३८ निम्मं व्हायला ४४७ कोटी वर्षं लागतात, म्हणजे पृथ्वी जन्मली तेव्हा जेवढं होतं त्याच्या निम्मं अजून शिल्लक आहे. पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेचा मोठा भाग ह्याच्यातून आणि थोरियम-पोटॅशियममधून येतो.

२४ फुटांवर ऑक्सिजन. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी निळ्या-हिरव्या शेवाळानं सोडलेला ऑक्सिजन हवेत साचायला लागला. ह्याला मी सगळ्यात मोठं पॅनेल दिलंय आणि त्यावरून वादही झाला, कारण ह्यात इंधन कुठं आहे. खरं नुसतं इंधन असून काय करायचं? चुलीत लाकूड आहे आणि हवा नाही तर जाळ कसला होणार. झाड उन्हानं कार्बन पकडतं आणि ऑक्सिजन सोडतं. कुजताना तेवढाच ऑक्सिजन परत घेतं, हिशेब चुकता. जे कुजायच्या आधी गाडलं गेलं त्याचा ऑक्सिजन मात्र वर हवेतच राहिला. म्हणजे खाणीतला कोळसा आणि आपण घेतो तो श्वास ह्या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत. मला ह्या सगळ्या देखाव्यात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, पॅनेल लहान करणार नाही.

२० फुटांवर ओक्लो. आफ्रिकेत गॅबॉन देशात युरेनियमच्या खाणीत १९७२ साली फ्रेंच शास्त्रज्ञांना दिसलं की तिथल्या युरेनियममध्ये २३५ नंबरचा प्रकार असायला हवा त्यापेक्षा कमी आहे. शोधता शोधता कळलं की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथं आपोआप अणुभट्टी चालली होती, माणसाशिवाय, लाखो वर्षं. तेव्हा २३५ चं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं, आज ०.७२ टक्के. पाणी झिरपलं की भट्टी सुरू, पाण्याची वाफ झाली की बंद, गार झाली की परत सुरू. आणि युरेनियम तिथं एकवटलं कशामुळं, तर ऑक्सिजनमुळं, कारण ऑक्सिजनच्या पाण्यातच ते विरघळून वाहतं आणि ऑक्सिजन संपला की तिथं खाली बसतं. म्हणजे २४ फुटावरच्या गोष्टीशिवाय २० फुटावरची गोष्ट होत नाही. सुहासला हे पटलं, त्यानंच दोन्ही पॅनेलमध्ये बाण काढला.

आपल्या जिल्ह्यातही, देशनूरजवळ, ह्याच कलादगीच्या खडकात युरेनियमचा तपास अणुखनिज संचालनालयानं केलाय. ते गोकाकच्या फोटोशेजारी टाकलं. कैगाच्या अणुवीज केंद्राचा उल्लेखही तिथंच.

१७ ऑगस्ट

पॅनेलचं प्रूफ. मराठी मजकूर मी बघितला, कन्नड मजकूर शेजारच्या गल्लीतल्या अण्णांनी लिहून दिला, त्यांनी तर दोन ठिकाणी माझ्यापेक्षा सोपं केलंय, तसंच मराठीतही बदलून घेतलं. प्रिंटिंग महाग पडतंय, चार पॅनेल हातानं रंगवू.

२४ ऑगस्ट, रविवार

मंडप उभा राहिला. पाऊस थांबत नाही, ताडपत्री डबल केली. फुटांच्या खुणा जमिनीवर रेडियमच्या पट्टीनं मारल्या. शेवटच्या जागेचा प्रश्न होता, माणसानं कोळसा खणायला सुरुवात केली ती कशी दाखवायची. राणीगंजला १७७४ साली खाण सुरू झाली, अडीचशे वर्षं झाली. आपल्या स्केलवर ती मिलिमीटरचा हजारावा भागसुद्धा भरत नाहीत, तेवढी रेघ कुठल्याच पेननं मारता येत नाही. म्हणून पाटाच्या कडेला फक्त बाण लावला आणि लिहिलं, "तीन फुटांपासून साठत आलेलं आपण इथं जाळतोय." खजिनदारांनी विचारलं हे जरा कडक होतंय काय. राहू दे, खरंच आहे.

अडीच फुटाच्या खुणेवरही एक ओळ वाढवली. तिथं सैबेरियात प्रचंड लाव्हा वर आला, वाटेतले कोळशाचे थर जळाले, हवा तापली आणि समुद्रातल्या बहुतेक जाती संपल्या. त्यानंतर जवळजवळ कोटभर वर्षं जगात कुठं कोळसाच तयार झाला नाही, दलदलीची रानंच उरली नव्हती.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गर्दी चांगली. माणसं गेटाजवळ झपझप चालतात, वीस फुटांनंतर हळू होतात, टाक्यांपाशी थांबतातच. कोळसा हातात घेऊन एक आज्जी म्हणाल्या, आमच्या लहानपणी रेल्वेलाइनीवर असला वेचायला जायचो. त्यांना चकाकणारा पट्टा दाखवला, हे लाकूड होतं म्हणून. त्यांनी तो डोळ्याजवळ धरून बघितला आणि मागं रांग थांबली तरी सोडला नाही.

एका काकूंनी विचारलं, सिलिंडरातला गॅस ह्यात कुठं बसतो? तेल शुद्ध करताना आणि नैसर्गिक वायूतून तो वेगळा काढतात, आणि आपल्या देशात लागतो त्यातला निम्म्याहून जास्त बाहेरून, मुख्यतः आखाती देशांतून येतो, त्यातला बराचसा एक-दीड फुटाच्या आसपासच्या जुन्या समुद्रांचा. हे पॅनेलवर नव्हतं, रात्री हातानं लिहून चिकटवलं.

३१ ऑगस्ट, गौरी आल्या

आज प्रश्न आला तो येळ्ळूरकडच्या एका शेतकरी मामांचा. म्हणाले, कारखाना उसाची चिपाडं जाळून वीज करतो, ती ह्या रांगेत कुठं? मी मूर्तीच्या पाटावर बोट ठेवलं. ऊससुद्धा उन्हानंच कार्बन पकडतो, ग्लॉसॉप्टेरिसनं पकडला तसाच, फरक एवढाच की तो वर्षभरात पकडतो आणि वर्षभरात परत देतो. हवेत जेवढा जातो तेवढा पुढच्या हंगामाचा ऊस परत घेतो. कोळशाचं तसं नाही, तो ३० कोटी वर्षांपूर्वी हवेतून काढलेला कार्बन आज एकदम सोडतो. मामांनी विचारलं, मग परत गाडायचा म्हटला तर? गाडता येतो, खरं निसर्गाला ज्याला कोट्यवधी वर्षं लागली ते आपण अडीचशे वर्षांत उलटं केलंय. आम्ही दोघं बराच वेळ मंडपाच्या मागं बोलत उभे होतो. पाणी, वारा आणि ऊन ह्यांच्यावर मामांचा भर, सौंदत्तीकडच्या पवनचक्क्या त्यांनी जवळून बघितल्यात.

७ सप्टेंबर, रविवार

विसर्जन रात्री उशिरा झालं, आज मंडप उतरवला. पॅनेल खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलनं मागितलेत, त्यांचा व्हरांडा ४६ फुटांपेक्षा लांब आहे, स्केल तीच राहील. द्यायच्या आधी करायची कामं: सिलिंडरचं पॅनेल नीट छापायचं, चिपाडाचा प्रश्न मूर्तीच्या जागेवर आता जे काही येईल तिथं लावायचा, रायचूरच्या थर्मलला, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्राला, सिंगरेणीचा कोळसा येतो ते नकाशावर दाखवायचं म्हणजे पोरांना आपला दिवा त्या गोदावरीच्या खचलेल्या पट्ट्याशी जोडता येईल. टाक्यांतलं तेल बदलायचं, शाडू वाळून तडे गेलेत, ताजी माती मूर्तिकाराकडून आणायची. कोळशाचा तुकडा हाताळून अर्धा झालाय, मावसभावाला नवीन आणायला सांगितलंय, ह्या वेळी शक्य झालं तर पानाचा ठसा असलेला दगडही बघ म्हटलंय.